अण्णांचं राहून गेलेलं वाक्य

शिवलीला बिराजदारला सोलापुरातले जुने विडी कामगार ‘अण्णांची जीभ’ म्हणत. तिला ते नाव मुळीच आवडत नसे. जिभेला हाड नसतं, मला आहे, असं ती म्हणायची. पण नाव एकदा पडलं की पडलं. एकतीस वर्षं तिने कानडी माध्यमाच्या शाळेत पोरांना मराठी शिकवलं, गुरुलिंगचं, म्हणजे नवऱ्याचं, लांबलेलं आजारपण काढलं, त्याच्यामागे एकटीने घर बांधलं. तरी रस्त्यात एखादी म्हातारी हटकून थांबवणार आणि विचारणार, “तुमी अण्णाची जीभ न्हवं का?” बाईने जन्मभर काय केलं ते कुणी बघत नाही. तरुणपणी तीन वर्षं ती कुणाच्या शेजारी उभी होती, तेवढं मात्र सगळ्यांना पाठ.

उभी होती ती कल्लप्पा कोरळ्ळी यांच्या शेजारी. अण्णा मूळचे मैंदर्गीचे. सोलापुरात गिरणीत लागले, वाचायला लागले, वाचून विचार करायला लागले आणि मग गिरणीला नकोसे झाले. त्यानंतर त्यांनी विडी वळणाऱ्या बायांची संघटना बांधली. महिन्याला एक चौपानी काढत, अर्धी कानडी, अर्धी मराठी. आज अण्णांचं नाव घेणारे पुष्कळ आहेत. ती चौपानी वाचलेले फार थोडे. त्यात मोठमोठ्या गोष्टी नसत. ज्या भाषेत आई शिव्या देते, त्या भाषेत माणसाला कायदा सांगा, असं एकदा लिहिलं होतं. आणि एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा लिहीत, इतकी की छापणारा वैतागे: पुढाऱ्याची पारख तो जिंकला की हरला यावर करू नका, चुकल्यावर चारचौघांत ‘चुकलो’ म्हणाला का, ते बघा. जो म्हणत नाही त्याला हार घाला, नारळ फोडा, पण त्याच्या मागून जाऊ नका.

अण्णांना मराठी समजत असे, बोलताही येई. पण भाषण ते कानडीतच करत. “मोडकंतोडकं बोललो तर बाया हसतील,” म्हणत. “हसवायला जत्रेत माणसं असतात.” म्हणून शेजारी दुभाषी लागे. शिवलीलाचे वडील ईरप्पा यांचं दुधनीला भुसारीचं दुकान. पोरगी सोलापुरात राहून बी. ए. झालेली, दोन्ही भाषा सारख्याच पाण्यासारख्या. अण्णांनी तिला एक नियम घालून दिला होता. “मी म्हटलं तेवढंच म्हणायचं. मीठ घालायचं नाही, काढायचंही नाही.” अण्णा एक वाक्य कानडीत बोलत, शिवलीला ते मराठीत सांगे आणि मागच्या रांगांसाठी पोशम्मा नावाची एक दणकट बाई तेच तेलुगूत ओरडून सांगे. एका सभेला तीन सभांचा वेळ लागे. बाया येताना तान्ही पोरं, सुपं, पानाचे गठ्ठे सगळं घेऊन येत आणि ऐकता ऐकता विड्या वळत.

गेल्या वर्षी अण्णांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. अण्णा जाऊनही आता तीस वर्षं होत आली. शताब्दीची समिती झाली, अध्यक्ष अर्थातच प्रभु, अण्णांचा पुतण्या. चादरींचं दुकान चालवतो, साठीचा आहे, माणूस सरळ. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, वाचनालयासमोर काळ्या दगडाचा स्तंभ उभारायचा, त्यावर अण्णांचं एक वाक्य कोरायचं, असं ठरलं. वाक्य कुठलं यावर कुणाचं दुमत नव्हतंच. संपातलं. सोलापुरात भिंतींवर रंगवलेलं, पोरांच्या वक्तृत्व स्पर्धेत घासून गुळगुळीत झालेलं: ‘तुमच्यातली शेवटची बाई उभी आहे, तोवर मी मागे हटणार नाही.’

प्रभु एके सकाळी कागद घेऊन शिवलीलाच्या घरी आला.

“अक्का, एक सही पाहिजे.”

“कशावर?”

“कॉलेजातला एक मास्तर समितीवर घेतलाय. तो म्हणतो, या वाक्याला पुरावा काय? चौपानीत कुठंच नाही. म्हटलं, पुरावा जिवंत आहे, जुळे सोलापुरात राहतो, चहा पाजतो.” तो हसला. “‘तीन मे एक्क्याऐंशीच्या सभेत अण्णा असं म्हणाले, आणि मी ते मराठीत सांगितलं.’ एवढंच लिहिलंय बघा. खाली सही.”

शिवलीलाने कागद वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला.

“ठेवून जा,” ती म्हणाली.

“दोन ओळी तर आहेत.”

“प्रभु, मी आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्यात. दोन ओळींत किती चुका मावतात ते मला शिकवू नकोस. ठेवून जा म्हटलं ना?”

तो गेला. चहा करायचाही राहिला, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली असेल तर असो.

आता त्या तीन मेला काय झालं ते सांगायला हवं.

संप चालू झाला होता फेब्रुवारीत. कारण छाट. बाई घरी हजार विड्या वळून कारखान्यात घेऊन जायची. तिथला तपासणारा त्यातल्या शंभर-दीडशे बाजूला काढायचा, याला छाट म्हणत. वाकडी आहे, सैल आहे, पान फाटलंय. त्या विड्यांची मजुरी नाही. आणि गंमत अशी की बाजूला काढलेल्या विड्या फेकल्या जात नसत, चांगल्यांच्या बरोबरीने बाजारात जात. अण्णांची मागणी एका ओळीची होती: छाटलेली विडी बाईच्या डोळ्यांसमोर मोडायची. मोडावी लागली की छाट आपोआप कमी होईल. मालक चार आठवड्यांत वाकेल, असं अण्णा म्हणाले होते. अकरा आठवडे झाले, मालक वाकला नाही. मे महिन्याचं सोलापूर, वर आग, खाली आग. चुली थंड. काही जणी पोरं घेऊन माहेरी गेल्या, काही अकलूजकडे मिळेल त्या कामाला गेल्या.

सभा सकाळी नऊला, कारखान्यासमोरच्या मोकळ्या जागेत. कर्णा बंद पडला होता. अण्णा त्या दिवशी नेहमीसारखे दणदणीत बोललेच नाहीत. खाली बघत, हळू आवाजात बोलले, पहिल्या रांगेपलीकडे ऐकू जाईना. आणि पहिलंच वाक्य आलं, “नंदे तप्पु.” चूक माझीच.

मग तिला मध्ये सांगू न देता, थांबून थांबून पुढची. मालक वाकेल असं मी म्हटलं होतं, तो वाकला नाही. तुमची लेकरं माझ्या हट्टापायी उपाशी आहेत. उद्या कामाला जा. एवढंच बोलले आणि त्यांनी शिवलीलाकडे बघितलं.

शिवलीला चोवीस वर्षांची होती. समोर बाया होत्या, पण तिला दिसला तो फाटकाशी उभा असलेला मालकाचा मुनीम. कमरेवर हात, तोंडात पान, गालातल्या गालात हसतोय. नंतर लोकांनी किती गोड गोड अर्थ लावले, की शिवलीलाला बायांची जिद्द दिसली, तिच्या तोंडून कामगारांचा आत्मा बोलला. काही बोलला नाही आत्माबित्मा. तिला बायांची दया आली नव्हती, त्या घटकेला बाया तिच्या मनातच नव्हत्या. तिला मुनीमाचा राग आला होता. या माणसासमोर ‘चुकलो’ हा शब्द तिच्या तोंडातून निघेना. आणि निघालं ते दुसरंच. “मालक वाकला नाही, आपणही वाकणार नाही. तुमच्यातली शेवटची बाई उभी आहे, तोवर मी मागे हटणार नाही!”

पोशम्माने ते तेलुगूत सांगताना आणखी तिखट लावलं असणार, कारण मागच्या रांगा उठून उभ्याच राहिल्या. मुनीमाचं हसू गेलं. बाया ओरडत होत्या, सुपं वाजवत होत्या, आणि अण्णा शेजारी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एका शब्दाने ते सावरता आलं असतं. त्यांनी हात जोडले आणि खाली उतरले.

संघटनेच्या खोलीत आल्यावर ते तांब्याभर पाणी प्यायले. शिवलीला रडायच्या बेताला आली होती. अण्णा म्हणाले, “ते म्हणायला मला तीन दिवस लागले होते. दुसऱ्यांदा म्हणायचा जोर राहिला नाही.” मग तांब्या खाली ठेवून, “तू बदललंस, मी ऐकून घेतलं. आता दोघांनी गप्प बसायचं.”

सतरा दिवसांनी मालकाने मागणी मान्य केली. छाटलेली विडी समोर मोडायची. गुलाल उधळला, अण्णांना खांद्यावर घेतलं. पुढच्या चौपानीपासून एक गोष्ट बदलली, ती फक्त शिवलीलाच्या लक्षात आली. पुढाऱ्याने चुकलो म्हणावं, हे अण्णांनी पुन्हा कधीही लिहिलं नाही. पंधरा वर्षं जगले त्यानंतर, शेकडो पानं लिहिली. तो एक विचार त्यांनी टाकून दिला, हक्क गेल्यासारखा. लोकांना वाटतं, शिवलीलाने त्यांना एक वाक्य दिलं. तिला ठाऊक होतं, तिने त्यांचं एक वाक्य घेतलं, आणि नेमकं तेच ज्याच्यावर त्यांची बाकीची सगळी उभी होती. त्या वर्षी शाळेत नोकरी लागली म्हणून तिने सभा सोडल्या, असं ती सांगे. नोकरी काय, सभा संध्याकाळीही होत.

कागद चार दिवस टेबलावर पडून राहिला. शिवलीलाला सही करून टाकावी असंही वाटलं, खोटं कशाला बोला. करून टाकली की संपलं. अण्णा नाहीत, पोशम्मा नाही, मुनीमही गेला. कुणाचं काय बिघडणार होतं? पण पहिल्या रांगेत कानडी कळणारी एक बाई होती, आणि ती जिवंत होती. पाचव्या दिवशी शिवलीला शेअर रिक्षात बसून विडी घरकुलात गेली.

निंगव्वा उंबऱ्यात बसून विड्या वळत होती. सत्तरी ओलांडलेली, नजर अधू, पण बोटांना नजर लागत नाही. दोघींची ओळख संपाच्याही आधीची. बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी, कुठे कुठली भाषा संपली ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

“ये अक्का. चा टाकू?”

“नको.”

“नको?” निंगव्वाने मान वर केली. “मग कायतरी मोठं हाय. चा नको म्हणनारी न्हाईस तू.”

शिवलीला पायरीवर टेकली. इकडचं तिकडचं बोलणं तिला जन्मात जमलं नाही.

“संपातली ती शेवटची मोठी सभा. तू पहिल्या रांगेत होतीस.”

“व्हय.”

“अण्णा काय म्हणाले ते तुला ऐकू आलं होतं?”

निंगव्वाने हातातल्या विडीचं तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला, ती पुरी केली. मग आणखी एक वळली. मग म्हणाली, “कानडी येती की मला. जलमल्यापास्नं येती.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“तू का न्हाय बोललीस?”

शिवलीलाने पायरीवर पडलेलं पानाचं कातरण उचललं.

“मी म्हटलं,” निंगव्वा म्हणाली, “अण्णा बाजूलाच हाय. त्यालाबी दोन कान हायत. तो गप. तू शिकल्याली, तू गप. मग मीच एकली शानी का? आन् खरं सांगू? मला बरं वाटलं. त्या भाड्या मुनीमाचं तोंड बघितलं आन् लई बरं वाटलं. त्येच मला खातंय अजून.”

घरात पंखा करकरत होता. निंगव्वाने सूप मांडीवरून खाली ठेवलं.

“त्येच्या आटव्या दिवशी बसू गेला.”

बसवेश. चार महिन्यांचा. शिवलीला त्याच्या मातीला गेली होती. अंगावर भस्म लावलेलं एवढंसं गाठोडं, मे महिन्याची तापलेली जमीन, खणणाऱ्याला कुदळ मारवेना. चव्वेचाळीस वर्षांत दोघींनी त्याचं नाव एकमेकींपुढे काढलं नव्हतं.

“तुज्यामुळं गेला, असं मी म्हनत न्हाय,” निंगव्वा म्हणाली. “डाक्टर म्हनला हगवन. मला दूद न्हवतं, वरचं पाजलं. कामाव गेले असते तर चार दिस आदी दवाखान्यात नेला असता. का तरीबी गेला असता, देवाला ठावं.”

“मला कधी शिव्या दिल्या नाहीस.”

“दिल्या की! लई दिल्या. तू समोर नसताना.” ती पदराने तोंड पुसत क्षणभर हसली, आणि ते हसू तसंच विरलं. “आता माफी मागाया आलीस व्हय? मागू नगं. माज्याकडं ती न्हाय. अण्णाचा राग आला, तुजा आला, माजा आला. फिरून फिरून तितंच. माफी कुनाकडनं कुनाला द्याची?”

“माफी नाही मागत. सही करू का नको, ते विचारायला आले.” शिवलीलाने कागद काढून तिला वाचून दाखवला.

“सई तुजी. माजा आंगटा. मला काय इचारतीस?”

“तुलाच विचारते.”

निंगव्वाने सूप परत मांडीवर ओढलं, पण विडी घेतली नाही.

“दगुड शंबर वर्सं ऱ्हाईल न्हवं? त्येच्यावर लिवायचं, अण्णा म्हनला लढा. आन् अण्णा तर म्हनला हुता घरी जा, कामाव जा. मग माजा बसू कुनाच्या सांगन्यावरनं गेला, हे कुटं लिवनार? तू मेलीस, मी मेले, की संपलं. त्यो दगुडच खरा. मला दुसरं काय कळत न्हाय, अक्का. पन खोट्यावर माजं लेकरू नगं.”

शिवलीलाने कागद घडी करून पिशवीत टाकला. जाताना निंगव्वाने तिला चहा दिलाच, आणि तो ती प्यायली.

समितीची बैठक प्रभुच्या दुकानाच्या माळ्यावर होती. चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये सहा-सात माणसं. शिवलीलाने बसायच्या आधीच सांगून टाकलं. सगळं, मुनीमाच्या हसण्यासकट. अण्णा खोलीत काय म्हणाले तेही. बोलणं संपलं तेव्हा खालच्या दुकानातून गिऱ्हाइकाचा आवाज येत होता, यात डबलबेड आहे का?

कॉलेजातला मास्तर वहीत काहीतरी लिहायला लागला. एक जण म्हणाला, “बाई, भावार्थ तोच ना. शेवटी संप जिंकलाच.”

“भावार्थ उलटा आहे,” शिवलीला म्हणाली. “तुम्हाला मराठी मी शिकवली असती तर नापास केलं असतं.”

“पण आता हे सांगून काय फायदा?”

“फायद्याचं मी म्हटलं का?”

मग प्रभु बोलला. “काका शेवटच्या आजारात माझ्याकडे होते. जुनी चौपानी वाचून दाखवायला सांगायचे. पुढाऱ्याने चुकलो म्हणावं, हे आलं की म्हणायचे, ते सोड, पुढचं वाच. मला वाटायचं, कंटाळलेत.” त्याने शिवलीलाकडे बघितलं. “तुम्ही त्यांचं एकच मोठं काम खाल्लंत, अक्का. जन्मभर जे सांगितलं ते त्या माणसाने एकदा करून दाखवलं, आणि तुम्ही ते लोकांपर्यंत जाऊच दिलं नाहीत.”

“हो,” शिवलीला म्हणाली.

“हो काय हो!”

“दुसरं काय म्हणू? खरं आहे ते.”

मग पुष्कळ वादावादी झाली. मास्तर म्हणाला, खरं वाक्यच कोरा, तेच मोठं आहे. त्यावर बाकीचे उसळले. शताब्दीला कुणी ‘चुकलो’ म्हणून दगडावर लिहितं का, अक्कल आहे का? शेवटी तोडगा निघाला, तोडगे जसे निघतात तसा. दगडावर फक्त नाव आणि सालं. वाक्य नको. शिवलीलाने हकीकत लिहून द्यावी, स्मरणिकेत छापू. तिने तीन पानं लिहून दिली. स्मरणिका निघाली ती शुभेच्छांनी आणि फोटोंनी भरून. तीन पानांना जागा उरली नव्हती म्हणे. प्रभुने फोनही केला नाही. व्यासपीठावरच्या खुर्च्यांच्या यादीत तिचं नाव होतं, ते गेलं.

अनावरणाला ती तरीही गेली. संध्याकाळी सहाची वेळ, ऊन अजून उतरायचं होतं. पुढे सतरंज्यांवर संपातल्या म्हाताऱ्या, आता जेमतेम वीस उरल्यात. मागे खुर्च्यांवर त्यांच्या सुना, नातवंडं, नगरसेवक, फोटोवाले. शिवलीला निंगव्वाशेजारी सतरंजीवर बसली. दगड चांगला होता, काळाभोर, अक्षरं सुबक. कल्लप्पा कोरळ्ळी, खाली दोन सालं. बस्स.

पाहुणे बाहेरगावचे, मोठे पुढारी. त्यांना समितीच्या तोडग्याचं कोण कशाला सांगायला बसलंय? चांगलं बोलत होते, आवाज तयार होता. आणि बोलता बोलता त्यांनी दगडाकडे हात केला. “या दगडावर एकही वाक्य नाही, कारण त्याची गरजच नाही! कल्लप्पाअण्णांचं वाक्य सोलापूरच्या काळजावर कोरलेलं आहे! तुमच्यातली शेवटची बाई उभी आहे...” आणि खुर्च्यांवरच्या पोरासोरांनी ते पुरं केलं, “तोवर मी मागे हटणार नाही!” टाळ्या पडल्या. सतरंजीवरच्याही काही म्हाताऱ्यांनी वाजवल्या. निंगव्वाचे हात मांडीवर होते. ती समोर बघत होती.

शिवलीला उठली. निंगव्वाच्या खांद्यावर हात टेकून उठली.

“अण्णा असं म्हणाले नव्हते,” ती म्हणाली.

टाळ्यांत ते बुडालं. पाहुण्यांनी बघितलं, की कुणी म्हातारी उभी आहे, तक्रार-अर्ज असेल. हसून म्हणाले, “आजी, आपण नंतर बोलू.” एक कार्यकर्ता पुढे आला. व्यासपीठावर प्रभु अर्धवट उठला. शिवलीलाने त्याच्याकडे बघितलं. तो कार्यकर्त्याला हाताने थांबवून परत खाली बसला.

“अण्णा असं म्हणाले नव्हते. ते मी म्हटलं होतं.”

निंगव्वाने खालून तिचं लुगडं ओढलं. “मोट्यानं बोल की. मागं जात न्हाय.”

शिवलीला वळली. पाहुण्यांकडे, दगडाकडे पाठ करून बायांकडे तोंड केलं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज अजून तिच्याकडे होता. आधी तिने कानडीत सांगितलं, अण्णांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने. मग मराठीत, मीठ न घालता, न काढता. “चूक माझीच आहे. मालक वाकेल असं मी म्हटलं होतं, तो वाकला नाही. तुमची लेकरं माझ्या हट्टापायी उपाशी आहेत. उद्या कामाला जा. हे अण्णा म्हणाले. त्या दिवशी, तिथं, तुमच्यासमोर. मी तुम्हाला सांगितलं नाही.”

एकही टाळी पडली नाही. कुणाचं तरी पोर रडत होतं, त्याला कुणी गप्प केलं. मधल्या सतरंजीवरून बाळाबाई उठली. ही संपात सगळ्यात पुढे असायची, आता पाठीतून वाकली आहे.

“म्हंजे आमी ते सतरा दिस उगाच उपाशी ऱ्हायलो व्हय गं?” तिने विचारलं. आवाजात राग होता की नुसतं नवल, कळलं नाही.

“उगाच की कसं, ते मला ठरवता येत नाही, बाळाबाई. चव्वेचाळीस वर्षं ठरवता आलेलं नाही. मी चुकले. तेवढं सांगायला उठले.”

“आन् अण्णा? त्यो का गप बसला?”

“तेही चुकले.”

मग बाया एकदम बोलायला लागल्या, तीन भाषांत, एकमेकींवर, कुणी शिवलीलाला, कुणी अण्णांना, कुणी स्वतःच्या मेलेल्या नवऱ्याला. पाहुणे घड्याळ बघू लागले. निंगव्वाने सतरंजीवर थोडं सरकून जागा केली. शिवलीला बसली नाही. बाया काय म्हणताहेत ते ऐकत ती उभीच राहिली.